लहरी पोहोचल्या, संच नव्हता

'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, दादासाहेब फाळक्यांनी एक चिमुकला चित्रपट केला होता. पेरलेल्या वाटाण्याला कोंब फुटतो आणि कोंबाचं रोप होतं, एवढीच त्याची गोष्ट. कॅमेरा जागचा हलू न देता ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपायची आणि मग सगळी पट्टी सलग फिरवायची, ही त्यातली युक्ती. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी फाळक्यांनी काही विज्ञानप्रसारासाठी केली नव्हती. पैसे गुंतवू शकेल अशा माणसाला आपल्या हातातलं कसब दाखवायचं होतं, ते त्यांनी दाखवलं. तरी हेतू बाजूला ठेवला तर हा मराठी माणसाने केलेला अगदी आरंभीचा निसर्गपट ठरतो. पुढे मराठी मुलखात, विशेषतः चित्रवाणी आल्यावर, या जातीचं काम का फोफावलं नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: पैसा नव्हता, दृष्टी नव्हती, आपल्याकडे कुणी डेव्हिड ॲटनबरो झाला नाही. मला हे उत्तर पटत नाही. भारतातल्या, आणि त्यातही मुंबईतल्या, सुरुवातीच्या विज्ञान-चित्रवाणीने भव्य निसर्गपटाची वाट समजून उमजून सोडली होती. जिथे प्रयोगशाळा नाही आणि विज्ञान शिकलेला मास्तरही नाही, तिथे या दोघांची उणीव संचाने भरून काढायची, असं तिने ठरवलं होतं. ही निवड योग्य होती. बिनसलं ते वाटपात. कार्यक्रम, संच आणि भाषा या तिन्ही गोष्टी एका गावात एका वेळी जवळजवळ कधी आल्याच नाहीत. मुंबईत बसून हा इतिहास लिहिला तर हे ध्यानात येत नाही. त्यासाठी सारंगखेड्यासारख्या गावातून मुंबईकडे बघावं लागतं.

सारंगखेडा शहादा तालुक्यात, तापीच्या काठी आहे. एकमुखी दत्ताचं देऊळ आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सुरू होणारी यात्रा ही त्याची ओळख. यात्रेतला घोडेबाजार तर महाराष्ट्राबाहेरही ठाऊक आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हे गाव धुळे जिल्ह्यात होतं. मुंबईपासून ते सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर येतं, म्हणजे मुंबईपेक्षा सुरत त्याला कितीतरी जवळ. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने ते पुण्यात पोहोचलं. खानदेशाशी मात्र या घटनेचा काहीच संबंध नव्हता. त्या काळच्या चित्रवाणीच्या लहरी मनोऱ्यावरून नजर जाईल तिथवरच जात, आणि मध्ये सह्याद्री उभा होता. गोष्ट साधी आहे, पण मराठी चित्रवाणीच्या आठवणींच्या पुस्तकांत ती फारशी येत नाही. 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' ही नावं अवघ्या महाराष्ट्राची म्हणून घेतली जातात. पहिली काही वर्षं ती मुंबई-पुण्याच्या आसपासची होती.

चित्रवाणीच्या आधी या भागात काहीच नव्हतं, असं मात्र नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं हे चित्रपटगृहाच्या परवान्याशी बांधलेलं होतं. यात्रेयात्रेतून फिरणारा तंबू सिनेमाही परवान्यावरच चालायचा. धरण, देवीची लस, मलेरियाचा डास, वाघ-हत्ती अशा विषयांच्या दहा-पंधरा मिनिटांच्या या पट्ट्यांना लोक कंटाळत. बिडी ओढायला बाहेर जाण्याची ती हक्काची वेळ होती, आणि याबद्दल प्रेक्षकांना दोष देण्याचं कारण नाही. पण या पट्ट्यांचं निवेदन मराठीतही होत असे. म्हणजे खानदेशातल्या माणसाच्या वाट्याला आलेले पहिले विज्ञान-निसर्गपट सरकारी होते, कोरडे होते, पण त्याला कळणाऱ्या भाषेत होते. पुढे चित्रवाणी आली तेव्हा हा भाग या एका बाबतीत एक पायरी खालीच उतरला.

आता त्या निवडीकडे येऊ. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. १९६१ च्या ऑक्टोबरात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने शालेय चित्रवाणी आली आणि तिच्या पहिल्या विषयांत पदार्थविज्ञान आणि रसायन होते. कारण अगदी रोकडं होतं. दिल्लीच्या माध्यमिक शाळांत प्रयोगशाळा पुरत नव्हत्या आणि विज्ञानाचे शिक्षक कमी होते. एक प्रयोग एका ठिकाणी नीट करून शेकडो वर्गांना दाखवायचा, हा हिशेब त्यामागे होता. त्याच सुमारास बीबीसीचा निसर्गपट वेगळ्या मार्गाने वाढत होता. १९५४ साली सुरू झालेल्या 'झू क्वेस्ट'मध्ये ॲटनबरो लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी दूरदेशी जाऊन प्राणी पकडून आणत. आज ज्याला आपण निसर्गप्रेमाचा आदिपाठ समजतो, त्याची सुरुवात जाळी आणि पिंजरे घेऊन झाली होती. १९७९ च्या तेरा भागांच्या 'लाइफ ऑन अर्थ'पर्यंत पोहोचायला त्या परंपरेला पंचवीस वर्षं, मोठा पैसा आणि मुख्य म्हणजे विशिष्ट प्रेक्षक मिळाला. त्या प्रेक्षकाच्या शाळेत प्रयोगशाळा होती. त्याला प्रयोग शिकवण्याची गरज उरलेली नव्हती, त्याला थक्क करायचं होतं. ज्या मुलाने भिंग कधी हातात धरलेलं नाही, त्याला गोरिलाचं जवळून दर्शन घडवणं वाईट नव्हे. पण खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर आधी भिंगावर करावा, असं विक्रम साराभाईंपासून यशपाल यांच्यापर्यंतच्या मंडळींना वाटत होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

या विचाराची खरी परीक्षा झाली ती साइट या प्रयोगात. अणुऊर्जा खातं आणि नासा यांच्यात १९६९ च्या सप्टेंबरात करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट कार्यक्रम मिळाले. सर्वांसाठीचे कार्यक्रम संध्याकाळी असत आणि शाळेतल्या मुलांचे सकाळी. सकाळच्या दीड तासात चार भाषा बसवायच्या होत्या, म्हणजे एकेका भाषेला वीस-बावीस मिनिटं. मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांचं काम इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओकडे होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच शहरात होती, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल तिथूनच आलेले होते, आणि संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा या कामाला हात लागला. यांतले काही जण १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशीही जोडलेले होते. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या काठच्या शाळांमध्ये मुलं पुस्तक बाजूला ठेवून काड्या, बिया आणि डबे यांतून शिकू शकतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे पडद्यावरचा माणूस उत्तर सांगणारा नसावा, मुलाला हात घालायला लावणारा असावा, ही दिशा आधीच ठरली होती. शिवाय याच वर्षात चित्रवाणी, रेडिओ आणि छापील साहित्य यांचा एकत्र वापर करून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. निसर्गपट काढणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या कामात मास्तरांचं प्रशिक्षण येत नाही. इथे ते कार्यक्रमाइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं होतं.

यातला विरोधाभास महाराष्ट्राच्या वाट्याचा आहे. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती सहा राज्यं. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या त्या चार भाषा. सोलापूरला लागून असलेल्या विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतल्या गावांना संच मिळाले, सोलापूरच्या गावांना नाही. मुंबईत, मराठी शहरात, विज्ञानाचे कार्यक्रम तयार झाले आणि मराठी खेड्यातल्या मुलाखेरीज बऱ्याच जणांनी पाहिले. निवड मागासलेपणावर आणि सलग भाषिक पट्ट्यांवर झाली होती, तिच्यात पक्षपात शोधण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट तंत्रज्ञानाच्या बाजूने बघण्यासारखी आहे. उपग्रहाचा झोत जिल्ह्यांच्या हद्दी ओळखत नव्हता. साइटचा एक संच श्रीलंकेत आर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबोच्या घरी बसवला होता आणि त्यावर कार्यक्रम दिसत होते. कोलंबोत दिसत होते, तर तापीच्या काठीही त्या लहरी उतरत होत्याच. उणीव होती ती तारेच्या जाळीच्या तीन मीटरच्या थाळीची, तिच्यासोबतच्या संचाची आणि मराठी ध्वनिपट्टीची. त्या वर्षी सारंगखेड्याच्या शाळेच्या डोक्यावरून विज्ञानाचा पाठ रोज जात होता, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कार्यक्रमांच्या दर्जाचा. हे सगळं रटाळ होतं, टेबलामागे बसलेला माणूस बोलत राहायचा, त्यात चित्र म्हणून काही नव्हतं, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. १९७० आणि ८० च्या दशकातल्या दूरदर्शनचा बराच विज्ञानभाग तसाच होता. पण रटाळपणा हा त्या निवडीचा परिणाम होता, असं सिद्ध होत नाही. त्याच निवडीतून पुढे उत्तम काम झालं. १९८९ मध्ये चंदिता मुखर्जी यांची 'भारत की छाप' ही तेरा भागांची मालिका आली. या देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास तिने कारागिरांच्या हातांतून आणि उत्खननाच्या जागांवरून सांगितला, तोही कुणाची आरती न ओवाळता. १९९० च्या दशकात 'टर्निंग पॉइंट'मध्ये गिरीश कार्नाड सूत्रधार होते आणि प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर पाठवलेल्या प्रश्नांना यशपाल उत्तरं देत. प्रश्न विचारणाऱ्याला कार्यक्रमाचा अर्धा भागीदार करणं हे बीबीसीच्या कुठल्याही महागड्या मालिकेपेक्षा धाडसाचं होतं. जयंत नारळीकरांच्या 'ब्रह्मांड'लाही चमत्कृतीची गरज भासली नाही. विश्व समजावून सांगताना एक गणिती माणूस स्वतः समोर उभा राहतो, हेच पुरेसं आकर्षण ठरलं. 'ब्रह्मांड' मराठीत नव्हतं, हिंदीत होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. साइटच्या मूल्यमापनात असं आढळलं की संच आल्यामुळे शाळेची पटसंख्या वाढली नाही आणि गळतीही थांबली नाही. मग ज्याला मी योग्य निवड म्हणतो, ती निष्फळच ठरली ना? याला दोन उत्तरं आहेत आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मूल शाळेत येतं की नाही, हे कापसाच्या वेचणीवर, धाकट्या भावंडांवर, घरच्या मजुरीवर ठरतं. वीस मिनिटांच्या कार्यक्रमावर ते ठरावं, अशी अपेक्षाच चूक होती. आणि एक वर्ष हा शिक्षणाच्या प्रयोगासाठी हास्यास्पद काळ आहे. उपग्रह उसना होता, मुदत संपली आणि तो परत नेला गेला. पहिलीतलं मूल दुसरीत गेलं तोवर पडदा काळा झाला. अशा प्रयोगाच्या निष्फळतेवरून पद्धतीबद्दल काही ठरवणं म्हणजे रोप वर यायच्या आत वाफा उपटून पाहणं आहे.

तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. शहरातल्या शास्त्रज्ञाने खेड्याला शिकवायचं, यात खेड्याला काही ठाऊकच नाही असं गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक किती पोकळ आहे, ते सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कळतं. तिथला व्यापारी घोड्याचा जबडा उघडून वय सांगतो. हे शुद्ध निरीक्षण आहे. घोड्याचे मधले पक्के पटाशीचे दात साधारण अडीच वर्षांचा असताना येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं आणि त्यानंतर दातांच्या माथ्यावरचे खळगे क्रमाने झिजत जातात. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच असतं. पण तोच व्यापारी अंगावरचे भोवरे, म्हणजे केसांची वर्तुळं, बघूनही किंमत ठरवतो. गळ्याखालचं देवमण शुभ, अमक्या जागचा भोवरा मालकाला घातक. नुकरा, पंचकल्याणी, अबलख अशा रंगांच्या नावांत नेमकं वर्णनही असतं आणि शकुनही. तपासून खरं ठरणारं ज्ञान आणि तपासायला कुणी न धजावलेली समजूत एकाच माणसाच्या एकाच वाक्यात, एकाच सौद्यात नांदतात. विज्ञान म्हणजे काय हे शिकवण्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. त्यासाठी तीन वर्षांचं चित्रीकरण लागत नाही. एक कॅमेरा, एक व्यापारी, एक पशुवैद्य आणि वेगवेगळ्या वयांचे पाच-सहा घोडे पुरतात. दात वय सांगतात की नाही, हे विक्रीच्या नोंदींशी पडताळता येतं. भोवरा मालकाचं भलं-बुरं करतो की नाही, हेही पडताळता येतं, पण त्याची कुणाला इच्छा नसते. या फरकावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम सहज उभा राहील.

म्हणजे आक्षेप निवडीवर नाही, ती अर्ध्यावर सोडली यावर घ्यायला हवा. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीजला १९७५ मध्ये एक किलोवॉटचा प्रक्षेपक उभा राहिला. इस्रोच्या लोकांनी गावोगाव जाऊन तिथल्याच माणसांना कॅमेऱ्यासमोर आणलं. शेतमजुरांचे प्रश्न त्यांच्याच तोंडून मांडले गेले आणि १९८४ मध्ये या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. सारंगखेड्याहून पीज मुंबईपेक्षा जवळ आहे. असा एखादा प्रक्षेपक धुळे किंवा शहाद्याला उभारून त्यावरून स्थानिक कार्यक्रम द्यावेत, असा विचार महाराष्ट्राने केला नाही. मराठीत या वळणाचं सर्वांत जवळचं काम 'आमची माती आमची माणसं'ने केलं, कारण कृषी विद्यापीठाचा तज्ज्ञ आणि बांधावरचा शेतकरी यांना त्याने समोरासमोर बसवलं. विज्ञानाच्या नावाखाली ते कुणी मोजत नाही. माझ्या मते मराठी चित्रवाणीचा सर्वाधिक पाहिला गेलेला विज्ञान कार्यक्रम तोच असावा.

१९८४ हे वर्ष सगळ्या गोष्टी जुळून येण्याचं ठरायला हवं होतं. इन्सॅट-१ बी आदल्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेला होता. देशभर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने लहान प्रक्षेपक उभे राहत होते. पुण्यात बालचित्रवाणी ही शालेय कार्यक्रमांची संस्था सुरू झाली आणि तिने पुढे मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम केले. उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच १५ ऑगस्टला आपलं देशव्यापी प्रसारण सुरू केलं. पण लहान प्रक्षेपकांना उपग्रहावरून मिळत होतं ते दिल्लीचं प्रसारण. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावर चढवून राज्यभर पोहोचवण्याची सोय नंतर झाली. त्यामुळे अनेक गावांत दूरदर्शन पहिल्यांदा दिसलं ते हिंदीत, संध्याकाळच्या करमणुकीच्या रूपात. घरात अहिराणी, गुजरी किंवा भिली आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलासाठी ही तिसरी भाषा होती. बालचित्रवाणीचे कार्यक्रम सकाळी, शाळेच्या वेळात लागत आणि गावातला संच सरपंचाच्या किंवा दुकानदाराच्या घरात असे. जिथे मराठी विज्ञान कार्यक्रम होता तिथे तो बघायला वर्ग नव्हता. जिथे प्रेक्षक जमत होते तिथे 'रामायण' चालू होतं. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली तेव्हा शोक करणाऱ्यांत तिचं शीर्षकगीत आठवणारे बरेच होते, पाठ आठवणारे कमी. त्याचं एक कारण हेही आहे.

ही पद्धत संच, प्रेक्षक आणि विषय एकत्र आले की काय करू शकते, याचा पुरावा मात्र आहे, आणि तो ग्रहणांचा आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला दिल्ली दूरदर्शनने हिंदी चित्रपट लावला, लोकांनी बाहेर पडू नये म्हणून. २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीतल्या अमावास्येच्या सकाळी, त्याच दूरदर्शनने खग्रास सूर्यग्रहण देशभर थेट दाखवलं आणि यशपाल समजावून सांगत होते. खग्रासाचा पट्टा राजस्थानातून उत्तर प्रदेशाकडे गेला. तापीकाठी ग्रहण खंडग्रास होतं. म्हणजे सारंगखेड्यातलं मूल पडद्यावर सूर्य पूर्ण झाकलेला बघत होतं. अंगणात येऊन पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक भोकातून तोच सूर्य अर्धवट कापलेला कागदावर पाडू शकत होतं, आणि दोन्हींत फरक का, असं विचारू शकत होतं. मुंबईच्या स्टुडिओने वीस वर्षांपूर्वी जे ठरवलं होतं, पाठ पडद्यावर आणि प्रयोग मुलाच्या हातात, ते त्या सकाळी या गावातही शक्य होतं. निवेदन तेवढं अजूनही मराठीत नव्हतं.